परगावी ठेवलेले खासगी दफ्तर

लालबागेत जमिनीच्या पोटातून वाहणाऱ्या कुंडी भंडाऱ्याला एकंदर कुंड्या किती, या साध्या प्रश्नाचे एकच एक उत्तर बुऱ्हाणपुरात कधी मिळत नाही. अब्दुर्रहीम खानखानानाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावरून मुरत मुरत तापीकडे निघालेले पाणी वाटेतच अडवावे, उभ्या कूपांची एक रांग खोदून ते कूप खालून बोगद्याने एकमेकांस जोडावे, आणि कोणत्याही मोटेवाचून, केवळ उताराच्या बळावर, ते पाणी शहराकडे आणावे, अशी जी इराणी धाटणीची योजना येथे अमलात आली, ती २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत जाऊन बसली. परंतु कुंड्यांचा आकडा एका पुस्तिकेत १०१, दुसरीत १०३ आणि तिसरीत १०८ असा आजही वाचावयास मिळतो. बुजलेल्या कुंड्या हिशेबात धरावयाच्या की नाहीत, शेजारच्या दुसऱ्या भंडाऱ्याच्या कुंड्या यात मिसळावयाच्या की नाहीत, यावर मोजणाऱ्याचा आकडा ठरत असावा, असे मला वाटते.

गावच्या इतिहासाची टिपणे करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या आकड्यापेक्षा निराळीच एक चिंता असते. आज टिपणात १०१ लिहिले, पुढे कुणा जाणत्याच्या सांगण्यावरून १०३ केले, आणखी वर्षाने ते का केले हे विसरून पुन्हा १०१ केले, तर या तिन्ही कृत्यांचा मागमूस कोठे राहतो? कागदावर खोडलेला शब्द निदान रेघेखाली दिसत राही, समासात कुणाचे तरी अक्षर असे, शाईच्या रंगावरून आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते याचा तर्क चाले. संगणकावर बदललेला शब्द आपल्या पूर्वजासकट नाहीसा होतो, आणि जे समोर उरते ते असे नितळ दिसते की जणू काही पहिल्यापासूनच ते तसे होते. आपल्या लेखनाची वंशावळ ज्याची त्याने, लिहिता लिहिताच, नोंदवून ठेवावी, आणि ती आपल्या घराबाहेर परंतु आपल्याच कुलुपात राहावी, यासाठी आज्ञावलीकारांनी आपल्या धंद्याकरिता जी सोय निर्माण केली आहे, तिचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आहे. तिचे नाव गिट; आणि तिच्या परगावच्या साठ्यास रिमोट रेपॉझिटरी म्हणतात. मी त्यास दफ्तर म्हणेन.

वंशावळ न नोंदविण्याचे परिणाम काय होतात, हे पाहण्यास मराठी मुलखाबाहेर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते, १९४३ साली ते निवर्तल्यावर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली, आणि १९६६ साली १९ खंडांत ते कार्य सिद्धीस गेले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या समोर ठेवून, आखलेल्या तक्त्यांवर अक्षरागणिक पाठभेद उतरवून घेण्याचे काम शास्त्रीमंडळी वर्षानुवर्षे करीत होती, आणि बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात, दाक्षिणात्य पोथ्यांसाठी तंजावरात त्याची निराळी ठाणी होती. एवढा खटाटोप कशासाठी, तर कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, कोणता श्लोक मागाहून घुसला, हे एकाही नकलनविसाने लिहून ठेवले नव्हते म्हणून. उत्तरेकडील शाखा आणि दक्षिणेकडील शाखा कोठे फुटल्या, याचे अनुमान फांद्यांवरून बुंध्याकडे जात करावे लागले. आणि जेथे सुकथनकरांची खात्री पटली नाही, तेथे त्यांनी छापील पाठाखाली नागमोडी रेघ ओढून आपला संशय प्रांजळपणे जाहीर केला. त्या नागमोडी रेघेइतकी सभ्य खूण मला दुसऱ्या कोणत्याही संपादनात आढळलेली नाही.

आज्ञावलीकारांची अडचण याच जातीची, फक्त काळ अतिशय दाटलेला. एकाच आज्ञावलीत शेकडो माणसे एकाच आठवड्यात फेरफार करू लागली की मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हा प्रश्न त्यांना शतकांनी नव्हे, दुसऱ्याच दिवशी पडतो. म्हणून १९७२ सालीच बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड याने फेरफारांची नोंद ठेवणारी पहिली व्यवस्था केली, आणि पुढे तशा अनेक निघाल्या. लिनक्स या सर्वांस खुल्या असलेल्या प्रणालीचा कर्ता लिनस तोरवाल्ड्स आपल्या कामासाठी बिटकीपर नावाची एका कंपनीच्या मालकीची व्यवस्था वापरीत असे. २००५ साली ती विनामूल्य वापरण्याची मुभा काढून घेण्यात आली, तेव्हा त्याने एप्रिल महिन्यात, थोड्याच दिवसांत, स्वतःची व्यवस्था लिहून काढली, आणि काही महिन्यांनी तिचा सांभाळ जुनिओ हमानो या जपानी गृहस्थाकडे सोपविला, जो आजतागायत त्याच्याकडे आहे. दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवलेले दफ्तर एका सकाळी बंद होऊ शकते, या अनुभवातून गिटचा जन्म झाला, ही गोष्ट खासगी दफ्तराचा विचार करणाऱ्याने विसरू नये.

गिटमधील प्रत्येक नोंद, जिला कमिट म्हणतात, पाच गोष्टी सांगते: त्या क्षणी सर्व फायली कशा होत्या, ही नोंद कोणत्या नोंदीच्या पोटी जन्मली, कोणी केली, केव्हा केली, आणि का केली. यातील शेवटची गोष्ट लिहिणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत द्यावयाची असते, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची तीच. समजा, मी टिपणातील १०१ चे १०३ केले, तर नोंदीच्या कपाळी ‘आकडा बदलला’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय, कारण आकडा बदलला हे गिटला माझ्यावाचूनही दिसते. ‘अमक्या पुस्तिकेतील गणती ग्राह्य धरली, बुजलेल्या कुंड्या मोजल्या’ असे लिहिले तर दहा वर्षांनी माझा मलाच जाब देता येतो. प्रत्येक नोंदीला तिच्या आशयावरून काढलेला ४० अक्षरांचा एक ठसा मिळतो. त्या ठशात मागच्या नोंदीचा ठसाही मिसळलेला असल्यामुळे मधलीच एखादी जुनी नोंद कुणी गुपचूप फिरविली, तर पुढील सर्व नोंदींचे ठसे बदलतात आणि लबाडी उघडी पडते. पेशव्यांच्या फडावरच्या कारकुनाला हे ऐकून हेवा वाटला असता.

आता दफ्तर परगावी का, आणि खासगी का. परगावी यासाठी की ज्या यंत्रावर लेखन तेथेच त्याचा इतिहास असेल, तर यंत्राबरोबर दोन्ही जातात. गिटची खुबी अशी की जो कोणी दफ्तराची नक्कल घेतो, त्याच्याकडे केवळ आजचा मजकूर न येता पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास येतो. त्यामुळे दोन ठिकाणी ठेवलेले दफ्तर एका ठिकाणी जळाले तरी दुसऱ्यावरून संपूर्ण उभे करता येते. खासगी यासाठी की अर्धवट मसुद्यात माणसांची नावे असतात, कुणी विश्वासाने सांगितलेल्या घरगुती हकीकती असतात, चुकीचे तर्क असतात, आणि ते जगापुढे मांडण्याची लेखकावर कोणतीही सक्ती नाही.

प्रत्यक्ष मांडणी एखाद्या दुपारचे काम आहे. सदैव चालू ठेवता येईल असा कोणताही जुना संगणक घ्यावा. पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पायसुद्धा एका माणसाच्या टिपणांना पुरून उरतो. त्यावर लिनक्सची कोणतीही आवृत्ती, गिट, आणि दुरून सुरक्षितपणे आत येऊ देणारी एसएसएच ही सेवा घालावी. मग ‘गिट’ याच नावाचा एक निराळा वापरकर्ता निर्माण करून त्याच्या जागेत शिरावे, आणि रोमन लिपीत ‘गिट’, ‘इनिट’, त्यापुढे दोन आडव्या रेघांना जोडून ‘बेअर’ हे शब्द देऊन शेवटी दफ्तराचे नाव टाइप करावे. नावाच्या शेपटाला टिंब देऊन पुन्हा ‘गिट’ जोडण्याचा प्रघात आहे. एवढ्या एका ओळीत दफ्तर स्थापन झाले. ते उघडून पाहणाऱ्याची मात्र निराशा होते. पुण्याहून सुटीला आलेला माझा भाचा, जो याच धंद्यात आहे, तो माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाला, “मामा, तुमचं पुस्तक यात शोधू नका, ते इथं दिसायचंच नाही.” आणि खरोखरच, तेथे ऑब्जेक्ट्स, रेफ्स अशा काही पेट्या, हेड आणि कॉन्फिग नावाच्या लहानशा फायली, यांखेरीज वाचण्याजोगे काही नसते.

ही उणीव नसून मुद्दाम ठेवलेली रीत आहे. आपण ज्या यंत्रावर लिहितो तेथे इतिहासही असतो आणि उघड्या फायलीही असतात. पण ज्या दफ्तरात बाहेरून नोंदी येऊन पडावयाच्या, तेथे फायली उघड्या असल्या तर नोंदी पुढे सरकतील आणि फायली मागच्याच राहतील, व तेथे बसलेल्या माणसाला आपल्या समोरचा मजकूर जुना की नवा हे कळेनासे होईल. म्हणून फायली उघड्या असलेल्या शाखेवर, म्हणजे नोंदींच्या चालू मालिकेवर, बाहेरून नोंद ढकलू पाहिल्यास गिट स्वतः होऊन ती नाकारते, आणि दफ्तर बेअर असावे, म्हणजे त्यात निव्वळ इतिहास असावा, अशी अपेक्षा ठेवते.

यानंतर आपल्या लिहिण्याच्या यंत्रावर येऊन त्या दफ्तराचा पत्ता ‘रिमोट’ म्हणून एकदा नोंदवावा, आणि ‘पुश’ ही आज्ञा द्यावी. नोंदी तारेवरून रवाना होतात. परवलीच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा किल्ल्यांची जोडी करावी, हे बरे. एसएसएच आपल्याला दोन किल्ल्या घडवून देते: एक खासगी, जी आपल्या यंत्राबाहेर कधीच जाऊ नये, आणि एक सार्वजनिक, जी दफ्तराच्या यंत्रावर, परवानगी असलेल्या किल्ल्यांच्या फायलीत, एका ओळीत उतरवून ठेवावयाची. येथे नवशिका हमखास अडखळतो, कारण त्या फायलीवर आणि तिच्या घरावर इतरांना लिहिण्याची मुभा राहून गेली असेल, तर एसएसएच किल्ली मुकाट्याने नाकारते आणि कारण न देता परवलीचा शब्द विचारीत बसते. घराला ७०० आणि फायलीला ६०० असे अधिकार दिले की तक्रार मिटते. किल्ली चालू लागल्यावर परवलीच्या शब्दाने येण्याची वाट बंद करावी, आणि त्या ‘गिट’ नामक वापरकर्त्यास गिट-शेल नेमून द्यावे, म्हणजे त्या नावाने आत आलेल्यास दफ्तरात ठेवण्याकाढण्यापलीकडे यंत्राच्या कारभारात हात घालता येत नाही.

आणखी एक खाचखळगा सांगतो, कारण तो पाहून माणूस घाबरतो. पूर्वी मुख्य शाखेचे नाव ‘मास्टर’ असे, अलीकडे ते पुष्कळ ठिकाणी ‘मेन’ ठेवतात. दफ्तर स्थापताना त्यातील हेड ही फाईल ‘मास्टर’कडे बोट दाखवीत असली आणि आपण ‘मेन’ शाखा पाठविली, तर सगळ्या नोंदी सुखरूप पोचूनही पुढे नक्कल घेणाऱ्याला रिकामी पेटी मिळते, आणि सगळे बुडाले असा त्याचा समज होतो. काही बुडालेले नसते; हेडचे बोट योग्य शाखेकडे वळविले की मजकूर प्रकट होतो.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी आणखी काही गोष्टी आहेत, ज्या इंग्रजी पुस्तकांत क्वचितच सापडतात. फाईलला ‘कुंडी’ असे देवनागरी नाव दिले की गिट ते नाव आपल्या कुवतीप्रमाणे आकड्यांत दाखविते, म्हणजे नुसत्या क साठी ३४०, २४४, २२५ असे तीन आकडे तिरप्या रेघांसह छापते. कोटपाथ नावाचा पर्याय बंद केल्यावर ते सरळ नाव दाखवू लागते. दुसरे, ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एका कळफलकावर टिंबाच्या ऱ ला हलन्त जोडून, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण गिटला ते भिन्न असतात, आणि मजकुरात काहीच न बदलता ओळ बदलल्याची नोंद निघते. भांडारकर मंदिराच्या तक्त्यांवर अक्षरागणिक पाठभेद उतरविणाऱ्या शास्त्र्यांनी यास कोणत्या सदरात घातले असते, कोण जाणे. तिसरे, गिट ओळीला ओळ ताडून पाहते, आणि प्रस्तुत लेखकासारखे ज्यांचे एकेक वाक्य परिच्छेदाची लांबी गाठते, त्यांनी एक स्वल्पविराम हलविला तरी सबंध परिच्छेद बदलला असे ती सांगते. म्हणून प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहावे, किंवा शब्दागणिक फरक दाखविण्याचा पर्याय वापरावा. चौथे, कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर, जो आमच्या बाजूच्या कचेऱ्यांत अजून ढिगाने आहे, तो आधी युनिकोडमध्ये आणावा. नाहीतर इतिहास राहील, पण फाँट नसलेल्या यंत्रावर तो निरर्थक रोमन अक्षरांचा राहील. वर्डच्या फायली मुळात आवळून बांधलेल्या गाठोड्यासारख्या असल्यामुळे त्यांच्यातील फरकही गिट आपण होऊन दाखवू शकत नाही. साधा मजकूर हाच तिचा खरा प्रांत.

घरचे यंत्र घरातून गाठणे सोपे, परंतु बाहेरगावाहून गाठणे तितकेसे नाही. घरगुती इंटरनेट पुरविणारे पुष्कळदा अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यास आपले दार सापडतच नाही. याला तीन वाटा आहेत. एक, घरचे दफ्तर घरापुरतेच ठेवावे आणि दुसरे एखाद्या भाड्याच्या यंत्रावर ठेवावे. गिटला एकाच लेखनासाठी हवे तितके रिमोट चालतात, आणि माझ्याकडे ‘घर’ व ‘पुणे’ अशा नावांचे दोन आहेत. दुसरी वाट, ज्यांना तारेची कटकट नको त्यांच्यासाठी: रिमोट म्हणजे दूरचे यंत्रच असले पाहिजे असे नाही, पेनड्राइव्हवरील एक पेटीसुद्धा चालते, आणि ती खिशात घालून नातलगाच्या कपाटात ठेवून येता येते. या उपायाला आज्ञावलीकार हसतात, पण लालबागेतली वीज गेली तरी त्याला काही होत नाही. विजेवरून सांगावेसे वाटते की नोंदी ढकलता ढकलता दिवे गेले तरी सहसा बिघाड होत नाही, कारण गिट आधी सगळा ऐवज उतरवून घेते आणि शाखेचे बोट अगदी शेवटी पुढे सरकविते.

तिसरी वाट म्हणजे तयार दुकान. गिटहब २००८ साली सुरू झाले, २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरांना घेतले, आणि जानेवारी २०१९ पासून तेथे खासगी दफ्तरे विनामूल्य ठेवता येऊ लागली. तत्पूर्वी त्यासाठी पैसे पडत. ज्याला यंत्र सांभाळण्याची हौस नाही त्याने तेथे जावे, त्यात कमीपणा नाही. मात्र तेथे ‘खासगी’ याचा अर्थ इतर गिऱ्हाइकांपासून खासगी, दुकानदाराच्या यंत्रापासून नव्हे. आणि बिटकीपरची गोष्ट वर आलीच आहे. माझा कल असा की दुकान वापरावे ते दुसरे दफ्तर म्हणून, एकुलते एक म्हणून नव्हे.

आपले दफ्तर असले तरी त्यास एक शिस्त सांगून ठेवावी. गिटमध्ये इतिहास पुसून नवा लादणारी जबरीची आज्ञाही आहे, आणि थकलेल्या रात्री ती हातून दिली जाऊ शकते. दफ्तराच्या कॉन्फिग फाइलीत अशी ढकल नाकारण्याचा पर्याय एकदा चालू केला की मालकालाही ती जबरी करता येत नाही. याच्या उलट बाजूने, एकदा नोंदलेली गोष्ट फाइलीतून काढली तरी इतिहासातून जात नाही. बँकेचा परवलीचा शब्द चुकून टिपणात पडला आणि पुढच्या नोंदीत तो काढला, तरी मागल्या नोंदीत तो जसाच्या तसा वाचता येतो, आणि दफ्तराच्या प्रत्येक नकलेबरोबर फिरतो. असल्या वस्तूंना या दफ्तरात मुळीच प्रवेश देऊ नये.

आणि मोठ्या चित्रांनाही नाही. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, त्यामुळे या भागाच्या इतिहासात रस असणाऱ्याकडे मोडी कागदांची छायाचित्रे हळूहळू गोळा होतात. ती गिटमध्ये घातली तर प्रत्येक फेरफाराला सबंध चित्र नव्याने साठविले जाते आणि दफ्तर फुगत जाऊन पाठविता येईनासे होते. ती वेगळ्या डिस्कवर, तिच्या दुसऱ्या प्रतीसह, ठेवावीत. दफ्तरात फक्त त्यांची यादी असावी, एका ओळीत एक: फाइलीचे नाव, कागद कोणता, कोणाच्या परवानगीने टिपला, आणि त्या चित्राचा ठसा, म्हणजे पुढे कधी डिस्कवरील चित्र खराब झाले तर यादीतील ठशाशी ताडून ते ओळखता येते आणि दुसऱ्या प्रतीवरून परत घेता येते.